मेणात उरलेलं

४ सप्टेंबर

प्रिय ताई,

सहा वर्षांनी लिहिते आहे. एवढ्या गप्प बसण्याची माफी कशी मागायची ते मला येत नाही, म्हणून एकदाच मागते आणि पुढे जाते. चुकलं.

तू म्हणाली होतीस, "मला फोन करू नकोस. काय सांगायचं ते लिहून दे. लिहिताना तुला खोटं जमत नाही." तेव्हा रागाने लिहिलं नाही. नंतर राग गेला, तरी लिहिलं नाही. रोजनिशी मात्र रोज लिहीत होते, त्यामुळे सवय मोडली होती अशी सबब मला देता येणार नाही.

आईबद्दल सांगायचं आहे. उभी असशील तर बस.

एप्रिलमध्ये तिच्या उजव्या टाचेवर एक काळा डाग दिसला. बुटाचा रंग लागलाय असं तिचं म्हणणं. महिनाभर ती तो दगडाने घासत राहिली. मला दिसला तेव्हा तो चिंचोक्याएवढा झाला होता आणि त्याची कड एका बाजूला पसरली होती. आमच्याच रुग्णालयात तुकडा काढला. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर निघाला. मे महिन्यात शस्त्रक्रिया झाली. जुलैमध्ये जांघेत सुपारीएवढी गाठ हाताला लागली आणि स्कॅनमध्ये फुफ्फुसात दोन बारीक ठिपके दिसले.

तू दर रविवारी आईला फोन करतेस तेव्हा मी स्वयंपाकघरात असते. ती तुला "सगळं ठीक आहे" म्हणते ते ऐकते. पाय बॅंडेजमध्ये, खाली उशी, आणि आवाज असा की जणू आत्ताच फिरून आली आहे. चाळीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढलेली बाई, आवाजावर तिची हुकमत आहे. मला तिने बजावलं होतं, "तिला सांगायचं नाही. दोघी मिळून माझ्या पलंगाशेजारी अबोला धरून बसाल, ते मला बघवणार नाही." मी तिचं ऐकलं. खरं सांगायचं तर ऐकणं मला सोयीचं होतं.

आता उपचार सुरू झालाय. २८ ऑगस्टला पहिली सलाइन झाली, यापुढे दर तीन आठवड्यांनी. केमो नाही, केस जाणार नाहीत. तिच्याच शरीरातल्या राखणदार पेशींना मोकळं सोडायचं औषध आहे. डॉक्टर भल्या आहेत, घाई करत नाहीत. किती जणांना गुण येतो असं मी विचारलं. तू गणिताची मास्तरीण, तू हेच पहिलं विचारशील. दहांतल्या तिघा-चौघांना, टाचेवरच्या प्रकारात त्याहून थोडं कमी, असं त्या म्हणाल्या.

हे पत्र मी आईला न सांगता टाकते आहे. तिला रागवायचं असेल तर माझ्यावर रागवू दे.

तुझी,
धाकटी

२३ सप्टेंबर

प्रिय ताई,

पार्सल पोचलं. आत माझ्यासाठी चिठ्ठी नव्हती, आणि ती नसेल हे मला माहीत होतं, तरी मी खोका उलटा करून बघितला. सपाता आईला अगदी बरोबर बसल्या. टाचेकडून उघड्या आहेत हे तू कसं शोधून काढलंस? ती त्या घालून घरभर फिरते आणि शेजारच्या आजींना सांगते, "मोठीने पाठवल्या, मापाशिवाय." मग माझ्याकडे बघून, "फितूर."

तुम्हा दोघींचं फोनवर काय झालं ते ती सांगत नाही. एवढंच म्हणाली, की तू आधी ओरडलीस, मग नाक शिंकरलंस, मग पुन्हा ओरडलीस.

मंगळवारी दुसरी सलाइन झाली. त्या खोलीत आठ खुर्च्या आहेत, मागे रेलणाऱ्या, आणि खिडकीतून वाहनतळ दिसतो. आईला कडेची खुर्ची आवडते. औषध काय करतं ते तिने डॉक्टरांकडून तीनदा समजावून घेतलं. चौथ्यांदा तिने डॉक्टरांना समजावलं. ते तुला जसंच्या तसं लिहिते.

डॉक्टर म्हणाल्या, "आजी, शरीरात टी पेशी असतात. त्या फिरत असतात, प्रत्येक पेशीपाशी थांबून तपासतात. काही वावगं दिसलं तर मारतात. कॅन्सरची पेशी त्यांच्यापुढे एक खूण धरते. त्या खुणेचा अर्थ असा की, मी आपल्यातलीच आहे, जा पुढे. टी पेशी निघून जाते."

आई म्हणाली, "म्हणजे आमचा माणूस फोन करतो, आणि चोर फोन उचलून सांगतो, इथे सगळं ठीक आहे. आणि हा ठेवून देतो."

"अगदी तसंच."

"आणि तुमचं औषध?"

"चोराचा आवाज आमच्या माणसाला ऐकूच येऊ देत नाही."

"असं होय," आई म्हणाली. "मग आता तो दार वाजवेल." आणि मग, "उशीरच झाला म्हणायचा त्याला."

शेजारच्या खुर्चीतले गृहस्थ एवढे हसले की नर्सला त्यांची सुई पुन्हा नीट बसवावी लागली.

खाज सुटली आहे. दोन्ही हातांवर, पाठीवर. मोकळ्या सुटलेल्या पेशी कधी कधी आपल्याच कातडीवर, आतड्यावर, थायरॉईडवर घसरतात. डॉक्टरांनी मलम दिलंय. आई खाजवताना खूश दिसते. "कामाला लागली माणसं," म्हणते.

ताई, गेल्या आठवड्यात मॅडमनी, म्हणजे आमच्या पॅथॉलॉजिस्टनी, मला आईच्या टाचेची स्लाइड दाखवली. दोघांना एकदम बघता येतं असं एक सूक्ष्मदर्शक त्यांच्या खोलीत आहे. मी वीस वर्षं रुग्णांचे तुकडे मेणात बसवून त्यांचे काप काढते, रंगवते, पण बघायचं काम त्यांचं. कॅन्सरच्या पेशी मला ओळखता आल्या. त्यांच्या अवतीभोवती मोठ्या, फुगीर पेशी होत्या. मॅडम म्हणाल्या, "या भक्षक पेशी. रक्तातूनच येतात, घाण खायचं काम यांचं. पण गाठ यांना वळवून घेते. मग या तिच्यासाठी रक्तवाहिन्या वाढवतात, टी पेशींना बाहेर अडवतात. राखायला आलेल्या आणि चाकरीला लागलेल्या." मी विचारलं, "त्यांना कळतं का, आपण कुणासाठी काम करतोय ते?" मॅडम म्हणाल्या, "पेशींना काय कळायचं? कळून करणारी जात आपली."

तो टाचेचा तुकडा मी कापला नव्हता. शेजारच्या टेबलवरच्या सहकाऱ्याला दिला. त्याला आम्ही सुस्कारे म्हणतो, कारण मेणाचा प्रत्येक ब्लॉक कापण्याआधी तो एक सुस्कारा सोडतो. माझे डोळे दुखताहेत, असं त्याला सांगितलं. डोळे दुखत नव्हते.

का लिहिलं हे कळत नाही. खोडणार होते, पण शाईवर शाई वाईट दिसते.

तुझी,
धाकटी

१२ नोव्हेंबर

प्रिय ताई,

मधे दोन सलाइनी झाल्या. त्या काळात लिहिलं नाही, कारण काय लिहावं ते उमगत नव्हतं. रविवारच्या फोनवर आईने तुला सांगितलं असेल की गाठ "जरा तशीच" आहे. तशी नाही. सुपारीचं लिंबू झालं आहे. पाय सरळ करताना ती ओठ आवळते.

आज स्कॅनचा अहवाल आला. गाठ वाढली आहे. फुफ्फुसातले ठिपके तेवढेच, कदाचित किंचित पुसट, पण डॉक्टर त्या "कदाचित"वर बोट ठेवायला तयार नाहीत.

त्या म्हणाल्या, दोन शक्यता आहेत. एक, औषध चालत नाही आणि गाठ आपल्या मार्गाने वाढते आहे. ही शक्यता मोठी. मग औषध थांबवायचं, आणि आईच्या तब्येतीला झेपेल असा दुसरा फारसा चांगला मार्ग हाताशी नाही. दुसरी शक्यता लहान, शंभरात चौघा-पाचांची. गाठीत टी पेशी एवढ्या घुसल्या आहेत की त्यांच्या गर्दीनेच ती सुजली आहे. स्कॅनला दोन्ही सारखंच दिसतं. सूज आणि वाढ त्याला वेगळी करता येत नाही. मेणात घालून, कापून, रंगवून बघितल्याशिवाय कळणार नाही.

म्हणून २० तारखेला, मंगळवारी, गाठीत सुई घालून तुकडा काढणार आहेत. पाचवी सलाइन त्याच दिवशी होती, ती तोवर थांबवली आहे.

आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे आत गर्दी आहे एवढं नक्की. पोलिसांची की चोरांची, ते बघायचं." मग पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "सगळं ठीक आहे म्हणून सांग मोठीला." मी नाही म्हटलं. तिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं. मग म्हणाली, "बरं. मग खरं सांग. पण हळू आवाजात."

हे मी हळू आवाजात लिहिते आहे.

सुईने निघणारा तुकडा शेवईच्या धाग्याएवढा असतो. असे दोन किंवा तीन धागे. त्यातूनच निदान, त्यातूनच टी पेशी दाखवणारे खास रंग, आणि पुढेमागे लागलं तर आणखी तपासण्या. सगळं त्या दोन-तीन धाग्यांतून. आमच्याकडे एवढं बारीक काम करणारे दोघंच, सुस्कारे आणि मी. मी सुस्काऱ्याला कापायला सांगून ठेवलं आहे. या वेळी त्याने कारण विचारलं नाही.

धाकटी

१३ नोव्हेंबर

ताई,

कालचं पत्र अजून टाकलेलं नाही. दोन्ही एकाच पाकिटात घालीन. हे आज लिहिलं नाही तर पुन्हा लिहिणार नाही. स्वतःला मी एवढी तरी ओळखते.

बाबांचा तुकडा लहान नव्हता.

सहा वर्षांपूर्वी मी तुला सांगितलं की त्यांच्या फुफ्फुसातल्या कॅन्सरचा काढलेला तुकडाच लहान होता, निदानातच संपला, म्हणून तुझ्या डॉक्टरांना हव्या असलेल्या तपासणीला काही उरलं नाही. तीन धागे होते. चांगले होते. मी संपवले.

कसं झालं ते सांगते. ब्लॉक म्हणजे मेणाची वडी, त्यात तुकडा बसवलेला असतो. यंत्राचं चाक फिरवलं की ब्लॉक पात्यावरून जातो आणि केसाच्या दहाव्या हिश्श्याहून पातळ काप निघतो. सुरुवातीचे काप टाकून द्यायचे असतात, तुकड्याचा चेहरा पूर्ण उघडा होईपर्यंत. त्या दिवशी बाबांचा ब्लॉक पकडीत किंचित तिरका बसला होता. तीनपैकी दोन धागे पूर्ण दिसत होते, तिसरा अर्धा. बारीक तुकड्याला तेवढ्यावर थांबायचं असतं. दोन धागे भरपूर होतात. हे मी नवख्यांना शिकवते, ताई. तोंडपाठ आहे मला.

पण तो बाबांचा होता. बाबांची स्लाइड मॅडमच्या टेबलावर जाणार होती, आणि मला ती सुंदर हवी होती. तिन्ही धागे पूर्ण, एका रेषेत, एकही सुरकुती नको. त्यांनी मला लहानपणी त्यांच्या घड्याळदुरुस्तीच्या टेबलाशी बसवून हात स्थिर ठेवायला शिकवलं. "उघडण्याआधी श्वास सोड, मग हात लाव." मला वाटलं, त्यांचं काम त्यांच्या शिकवणीसारखं झालं पाहिजे. ब्लॉक सरळ केला आणि चाक फिरवत राहिले. मेणाचे बारीक पापुद्रे ब्रशने बाजूला झटकत गेले. तिसरा धागा पूर्ण उघडला तेव्हा पहिले दोन जवळजवळ संपले होते. मी तीन काप काढले. फार सुंदर निघाले. मॅडम म्हणाल्यासुद्धा, "काय सुबक आहे गं." चौथ्या वेळी पात्यावर नुसतं मेण आलं.

ते पापुद्रे मी स्वतः केराच्या डब्यात टाकले. त्यात बाबा होते.

आठ दिवसांनी तुझा फोन आला. तुझ्या गावातले डॉक्टर म्हणत होते, हे नवं औषध बाबांना चालेल का ते तपासू, ब्लॉक पाठवा. दुसऱ्यांदा सुई घालायची बाबांच्या श्वासात ताकद उरली नव्हती. मी म्हटलं, तुकडाच लहान होता. तू विचारलंस, "मी आठ दिवस आधी सांगितलं असतं तर?" आणि मी म्हटलं, "तर कदाचित."

हे मी म्हटलं, ताई. मी. चार महिन्यांनी बाबा गेले, आणि तू सगळ्यांसमोर म्हणालीस की तुझ्याकडून उशीर झाला. आईने तुझ्या पाठीवरून हात फिरवला. मी शेजारी उभी होते.

मग तू म्हणालीस, "मला तो ब्लॉक एकदा बघायचा आहे." तुला काही संशय नव्हता. बाबांचं काही तरी हातात घ्यायचं होतं तुला, एवढंच. आणि मी तुझ्यावर तुटून पडले. लांब बसून हुकूम सोडतेस, वर्षातून दोनदा येतेस, आमच्या कामातलं तुला काय कळतं, म्हणाले. तू ब्लॉक बघू नयेस म्हणून मी भांडण उकरून काढलं. रिकामं मेण कुणालाही कळलं असतं.

तपासणी झाली असती तर औषध चाललं असतं का? मॅडमना मी एकदा आडून विचारलं. त्या म्हणाल्या, त्या वयात, त्या अवस्थेत, बहुतेक नाही. मी त्या "बहुतेक"शी सहा वर्षं सौदा करत आले. पण तो सौदा माझा नव्हता. ते तुझं आणि बाबांचं होतं.

लिहिताना मला खोटं जमत नाही असं तू म्हणाली होतीस. आधीची तीन पत्रं त्याला पुरावा नाहीत. म्हणून हे चौथं.

मला उत्तर नको आहे. हेही खोटं. हवं आहे. पण त्यावर माझा हक्क नाही, एवढं मला कळतं. आईला फोन करणं मात्र थांबवू नकोस. ती रविवारी सकाळपासून फोनशेजारी बसते आणि वाजला की चार घंट्या मोजून उचलते, वाट बघत नव्हते असं दाखवायला.

२३ नोव्हेंबर

प्रिय ताई,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी बाहेर कपडे वाळत घालत होते. आत आले तर आई रिसीव्हर खाली ठेवून हात मांडीवर घेऊन बसली होती.

"निरोप आहे," ती म्हणाली.

"कुणाला?"

"शेपटाला."

हा शब्द घरात सहा वर्षांत कुणी उच्चारला नव्हता. तुझ्यामागे मागे फिरायची म्हणून तू ठेवलेलं नाव, आणि तूच माझ्याशी बोलेनाशी झाल्यावर ते कुणाला वापरायचं कारण राहिलं नाही. माझ्या हातात चिमट्यांची टोपली होती, ती मी खाली ठेवली.

आई सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलली, एक्स्चेंजमध्ये तार वाचून दाखवायची तशी. "शेपटाला सांग, आईचा तुकडा तिनेच कापायचा. दुसऱ्या कुणी नाही. आणि तिला सांग, या वेळी सुंदर नको. पुरेसं काप."

"आणखी काय म्हणाली?"

"आणखी पुष्कळ म्हणाली. ते मी जोडून देणार नाही. ते तुमचं तुम्ही."

"रडत होती?"

"लाइनमध्ये खरखर होती," आई म्हणाली, आणि मग तिनेच पदराने डोळे पुसले. "मी बाबांबद्दल काही विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. मी दुसऱ्यांच्या लाइनी जोडून द्यायचे, मधे कान घालत नसे. बहुतेक वेळा."

मंगळवारी तुकडा काढला. दोन धागे, एक जरा तुटका. बुधवारी सकाळी ब्लॉक तयार होता. सुस्काऱ्याला म्हटलं, मीच करते. त्याने माझ्या वतीने एक सुस्कारा सोडला आणि त्याचं टेबल मला दिलं, माझ्या पात्यापेक्षा त्याचं नवं होतं म्हणून. मॅडमना सगळं सांगितलं, बाबांचंही. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "आपल्या माणसाचं आपण कापू नये असा नियम मी तेव्हाच करायला हवा होता. तो माझा दोष." मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, "त्यावर नंतर भांडू. आज कापणार असशील तर मी शेजारी बसते. मी थांब म्हटलं की थांबायचं."

ब्लॉक बर्फावर ठेवला. मेण गार आणि घट्ट असलं की काप नीट निघतो. पकडीत बसवला. तिरका आहे का ते तीनदा बघितलं. कापण्याआधी ब्लॉकवर तोंडाने एक उबदार श्वास सोडतात, त्याने काप चुरगळत नाही. वीस वर्षांत हजारो वेळा सोडला असेल, पण आईवर श्वास घालते आहे असं कधी वाटलं नव्हतं. बाबांचं आठवलं. श्वास सोड, मग हात लाव.

चाक फिरवलं. तिसऱ्या फेरीला एक धागा पूर्ण दिसला, दुसरा अर्धा. मॅडमना थांब म्हणायची गरज पडली नाही. मी थांबले. आठ काप घेतले, कोमट पाण्यावर तरंगवले, स्लाइडवर उचलले. दुसऱ्या कापाला कोपऱ्यात सुरकुती आहे. अर्धा धागा अर्धाच आहे. तुला दाखवायला लाज वाटेल असं काम, आणि ब्लॉकमध्ये निम्म्याहून अधिक तुकडा शिल्लक आहे. मी तो उजेडात धरून बघितला. मेणातून तांबूस दिसतो.

खास रंगांना वेळ लागतो. आज दुपारी मॅडमनी हाक मारली. "बस. त्या बाजूने बघ."

आधी मला कॅन्सरच्या पेशी दिसेचनात. वाटलं चुकीची जागा कापली. सगळीकडे बारीक, गोल, गडद निळे ठिपके, खसखस सांडावी तसे. मॅडम म्हणाल्या, "हे काय आहे?" मी म्हटलं, लिम्फोसाइट, राखणदार पांढऱ्या पेशी. त्यांनी दुसरी स्लाइड लावली, टी पेशींना तपकिरी करणारी. सगळं दृश्य तपकिरी झालं. "आता मधे बघ." मधे काही मोठ्या पेशी होत्या, फिकट, कडा विरघळलेल्या, सुट्या सुट्या पडलेल्या. त्या कॅन्सरच्या. आणि त्यांच्या आजूबाजूला त्याच फुगीर भक्षक पेशी, टाचेच्या स्लाइडवर होत्या तशा. फक्त आता त्यांची पोटं काळ्या रंगाने गच्च भरली होती.

"रंग खाल्लाय त्यांनी," मॅडम म्हणाल्या. "मेलेल्या पेशींचा. सफाई चालू आहे."

"याच त्या चाकरीला लागलेल्या?"

"याच की त्यांच्या जागी आलेल्या नव्या, ते मला सांगता येणार नाही. जात तीच. वळवता येतात, म्हणून परतही वळतात कधी कधी." मग त्या त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "एका गाठीतला एक तुकडा आहे हा. जिवंत कॅन्सर थोडा दिसतोय. फुफ्फुसाचं यातून काहीच कळत नाही. नाचू नकोस."

मी नाचले नाही. स्लाइडी पुसायच्या खोलीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

डॉक्टरांनी पाचवी सलाइन मंगळवारी ठरवली आहे. दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन. तोवर काही म्हणता येणार नाही, आणि मी म्हणतही नाही. आईला सांगितलं तेव्हा तिने गाठीवर हात ठेवला, अगदी हलका, जसं झोपलेल्या मुलावर ठेवावा. "म्हणजे पोलीसच होते," ती म्हणाली. "आणि मी उगाच त्यांना शिव्या देत होते, दुखतं म्हणून." मग म्हणाली, "मोठीला मी सांगते. खरंच ठीक आहे असं सांगायची ही पहिलीच वेळ, मला सांगू दे."

तिचा फोन तुला या पत्राआधी पोचला असेल. तरी लिहिते आहे, कारण तू लिहून दे म्हणाली होतीस.

काल आईने निरोपाचा उरलेला भाग दिला. मुद्दाम मागे ठेवला होता म्हणे, कापताना माझा हात हलू नये म्हणून. तू येत्या गुरुवारी येते आहेस. आणि तुला बाबांचा ब्लॉक बघायचा आहे.

तू मला माफ केलंस असं त्यात कुठे नव्हतं. मी दोनदा विचारलं, आईने दोनदा नाही म्हणून सांगितलं. ते बरोबर आहे. घाईने दिलं असतंस तर मला त्याचा भरवसा वाटला नसता. पण तू गाडीचं तिकीट काढलं आहेस, आणि पलंगाची चादर बदल असं आईला सांगितलं आहेस, खिडकीकडच्या, जिथे तू नेहमी झोपायचीस. चादर मी आजच बदलली.

त्या ब्लॉकमध्ये काही नाही, ताई, हे आधीच सांगून ठेवते. पांढरं मेण, कडेला बाबांचा नंबर माझ्या अक्षरात, आणि नीट उजेडात धरलं तर मधे जिथे ते होते तिथे किंचित खोलगट. आमच्याकडे ब्लॉक तळघरात दहा वर्षं ठेवतात. सहा वर्षांत मी तो खण एकदाही उघडलेला नाही. तुझ्या हातात देईन तेव्हा मी खोलीत थांबू की बाहेर जाऊ, ते तू सांग. सांगशील ते करीन.

तुझी,
शेपूट

(रोजनिशीतून, २३ नोव्हेंबर) उद्या: तळघराची किल्ली मागून बाबांचा ब्लॉक वर आणून ठेवणे.